चेहरा झाकून बातम्या देता येत नाहीत

तिला सगळे भुवई म्हणायचे. ऐकू न येणाऱ्या लोकांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव मिळतं, आणि तिचं नाव म्हणजे तर्जनीने स्वतःची भुवई वर ढकलायची. ते नाव तिला दादाने दिलं, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, ती नुकती दुडूदुडू चालायला लागली होती तेव्हा. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात आईवडील बोलायचे आणि दादा बघायचा. या दोघांच्या मधोमध ही पोर वाढली आणि धड बोलता यायच्या आधी हातांनी भांडायला शिकली.

पुढे तेच तिचं पोटापाण्याचं काम झालं. आमच्या शहराच्या वृत्तवाहिनीवर बातम्या चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभं राहून ती त्या खुणांच्या भाषेत सांगायची. मी त्याच स्टुडिओत आवाजाच्या टेबलावर बसतो. माझं सगळं काम आवाजाचं आणि तिचं सगळं आवाजाशिवायचं, तरी आमची मैत्री घट्ट. कदाचित त्यामुळेच.

लोकांना वाटतं, खुणांची भाषा म्हणजे हातवारे. असं कुणी म्हटलं की ती उखडायची. हात नुसते शब्द सांगतात, बाकीचं सगळं चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो. गाल फुगवले की वस्तू मोठी होते, आत ओढले की बारीक. नाक आक्रसून मान हलवली की होकाराचा नकार होतो. चेहरा काढून घेतला तर माझं बोलणं म्हणजे काना, मात्रा, वेलांटी पुसून टाकलेलं लिखाण, असं ती म्हणायची.

आणि त्याच चेहऱ्यावर तिशी उलटल्यानंतर पुरळ उठलं.

शाळाकॉलेजच्या वयात तिला एकही पुटकुळी आली नव्हती. आता हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि दोन्ही गालांवर गाठीच उठल्या, लालबुंद आणि आत खोल ठणकणाऱ्या. मग काय, जितकी तोंडं तितके उपाय. मावशी म्हणाली, पोट साफ ठेव. शेजारीण म्हणाली, टूथपेस्ट लाव. गेटवरच्या पहारेकऱ्याने सांगितलं की मॅडम, राग आवरा, आतली उष्णता अशी बाहेर पडते. त्यावर ती म्हणाली की आजच्या दिवसाचा राग तर तुम्हीच वाढवलात. दादाने मात्र घरी आल्यावर तिच्याकडे नीट पाहिलं आणि हातांनी सरळ विचारलं, "चेहऱ्यावर डोंगर उगवलेत. दुखतात?" त्या लोकांची ही पद्धतच आहे, दिसतं ते तोंडावर सांगतात. पण इतक्या माणसांमध्ये दुखतं का हे विचारणारा तो पहिला.

दुखत होतंच. गाल फुगवायचे म्हणजे आतून कुणी सुई टोचल्यासारखं व्हायचं. बातमीत पूर आला, मोर्चा आला, मोठी इमारत आली की तिच्या डोळ्यांत पाणी तरळायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, केवढी ही संवेदनशील बाई.

आमच्या वृत्तविभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, वाईट माणूस नव्हते. पण त्यांना फोन यायला लागले होते. त्या कोपऱ्यातल्या बाईला काय झालंय, ते पसरतं का, जेवताना बघवत नाही, वगैरे. साहेबांनी मेकअप करणाऱ्या बाईंना सांगितलं, थर जाड करा. थर जाड झाला. वरून स्टुडिओचे दिवे तापलेले, खाली बंद झालेली कातडी. आठवड्याभरात रोगापेक्षा इलाज भारी पडला आणि होत्या त्या गाठींना शेजार मिळाला.

मग साहेबांनी दुसरी युक्ती केली, आणि ती तिला न सांगता केली. चौकट लहान करवून घेतली आणि त्या चौकटीपुरतं चित्र असं गुळगुळीत करायला लावलं की कातडीवरचं काही दिसू नये. संध्याकाळी बातम्या संपल्यावर तिने मॉनिटरवर स्वतःला पाहिलं. चेहरा इस्त्री फिरवलेल्या रुमालासारखा सपाट होता. तिने पिशवी उचलली आणि घरी गेली. मला वाटलं, सोडून दिलं असेल.

पण गोष्ट तिथे थांबायची नव्हती. त्या आठवड्यात वादळाचा इशारा होता. ठळक बातम्यांमध्ये निवेदकाने विचारलं, उद्या शाळा बंद राहणार का? निर्णय व्हायचा होता, तपशील पुढे येणार होता, पण मध्येच मंत्र्यांचं भाषण घुसलं आणि तपशील राहून गेला. ज्यांना ऐकू येतं त्यांनी प्रश्न ऐकला. ज्यांना येत नाही त्यांनी पाहिलं: उद्या शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. शाळा भरली आणि शहरातल्या बहिऱ्या आईबापांची बरीचशी मुलं घरी लोळत पडली. दादाची लेकही त्यातलीच, आणि ती खूश होती. दादा नव्हता. त्याने भुवईला व्हिडिओ कॉल लावला आणि हात आपटत म्हणाला की तूच सांगितलंस, शाळा बंद.

"मी सांगितलं नाही. मी विचारलं."

"भुवई कुठे होती?" दादाने विचारलं.

भुवई वर गेली होती, पण चौकट तळहाताएवढी आणि चेहरा रुमालासारखा. प्रश्नचिन्ह पुसून टाकलेलं वाक्य घरोघरी गेलं होतं.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं आणि मी बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभा होतो, त्यामुळे पुढचं मी कानांनी ऐकलंय. साहेबांनी आधी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. ते म्हणाले, हे तुमच्याच भल्यासाठी केलं. तुम्ही काही दिवस सुट्टी घ्या, चेहरा बरा झाला की या, जागा कुठे पळून जात नाही.

"सुट्टी आजारी माणूस घेतो, साहेब. माझे हात चालतात, डोळे चालतात. मला पुरळ आलंय."

साहेब म्हणाले, लोक जेवताना टीव्ही बघतात, त्यांचाही विचार करायला हवा.

"मग त्यांनी ताटात बघावं."

मग साहेब जरा नरमाईने म्हणाले की निदान चांगल्या डॉक्टरला तरी दाखवा. ती म्हणाली की दाखवणारच आहे, पण तुमच्या पडद्यासाठी नाही, मला गाल फुगवताना दुखतं म्हणून. आणि तोवर चेहऱ्याला रंग लागणार नाही आणि चित्र गुळगुळीत होणार नाही. साहेब म्हणाले, बघू. आमच्या कचेरीत बघू म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी ती मेकअपच्या खुर्चीकडे गेलीच नाही. साबणाने तोंड धुतलं, टिपलं आणि तशीच येऊन दिव्यांखाली उभी राहिली. बातम्या थेट चालू, साहेब बैठकीत. चित्राच्या टेबलावरच्या आमच्या माणसाने गुळगुळीत करायचं बटण बंद केलं. नंतर विचारणा झाली तेव्हा तो म्हणाला, कोपर लागलं असेल. ते कोपर पुढे रोजच लागत राहिलं आणि हळूहळू विचारणं थांबलं. चौकट मात्र लहानच राहिली. ते साहेबांच्या हातात होतं.

डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, मलमं दिली. मलमांनी कातडी सोलवटली, गाठी तशाच. अशा पुरळावर ज्या जालीम गोळ्या असतात त्या यकृताला जड पडू शकतात, आणि भुवईला पूर्वी मोठी कावीळ होऊन गेलेली, तेव्हा त्या नकोत, असं बाईंनीच ठरवलं. मग त्या म्हणाल्या, प्रकाश देऊन बघू.

भुवईला आधी हसूच आलं. तिचा सगळा जन्म दिव्यांखाली उभं राहण्यात चाललेला, त्यानेच तर पुरळ भडकलेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की तो उजेड वेगळा आणि हा वेगळा. पुरळाचे जंतू स्वतःच एक द्रव्य तयार करतात, आणि ठरावीक निळा प्रकाश पडला की तेच द्रव्य त्यांच्या मुळावर येतं. लाल प्रकाश जरा खोल जातो आणि सूज उतरवायला मदत करतो. हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. काळे ठिपके याने जाणार नाहीत, जुने डाग पुसले जाणार नाहीत, आणि बरं झालं तरी पुन्हा येणार नाही असं मी लिहून देणार नाही. भुवई मला नंतर म्हणाली की इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खात्री दिली नाही, म्हणून विश्वास बसला.

प्रकाशाची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. अरुंद पलंग, त्यावर कागदी चादर, आणि तीन झडपांच्या आरशासारखा चेहऱ्याभोवती वळवून ठेवायचा दिव्यांचा फलक. नर्स चेहरा धुऊन द्यायची, डोळ्यांवर गच्च काळा गॉगल चढवायची आणि दिवा लावायची. दुखत काही नव्हतं, नुसती कोमट ऊब. तिला त्रास व्हायचा तो न दिसण्याचा. बघण्यावर जगणाऱ्या बाईला डोळे बांधून झोपवलं तर ती करणार काय? पडल्या पडल्या ती संध्याकाळच्या बातम्यांची तयारी करायची आणि भुवया आपसूक वरखाली व्हायच्या. गॉगल सरकायचा. नर्स ओरडायची, ताई, बातम्या नंतर द्या.

एकदा दादा सोबत आला. खोलीत थांबायचं तर त्यालाही गॉगल घालावा लागला. आता ऐकू न येणारा भाऊ आणि डोळे झाकलेली बहीण, दोघं काळोखात. दादाने चाचपडत तिचा हात शोधला आणि तिच्या तळहातावर बोटांनी खूण केली, भीती वाटते? तिने त्याच्या हातावर केली, नाही, कंटाळा येतो. मग दिवा बंद होईपर्यंत दोघं एकमेकांच्या हातांवर बोलत राहिले. काय बोलले ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, लहानपणी आई दिवा मालवायची तेव्हा आम्ही असंच भांडायचो.

आठवड्यातून दोनदा, ड्युटीच्या आधी, ती जात राहिली. बारीक पुटकुळ्या बसल्या, हनुवटी निवली. उजव्या गालानेही ऐकलं. डावा गाल मात्र अडून बसला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुढचं पाऊल सुचवलं. आधी कातडीला औषध लावायचं, ते मुरू द्यायचं आणि मग प्रकाश द्यायचा. हा जोरकस उपाय होता. चेहरा भाजल्यासारखा होणार, साल निघणार. आणि मुख्य म्हणजे औषध कातडीत असेतो, दोन दिवस, ना ऊन ना प्रखर दिवे. पडदे ओढून घरात बसायचं. स्टुडिओचं तर नावही काढायचं नाही.

तिने रजा टाकली. साहेबांना वाटलं, अखेर आपलं ऐकलं.

औषध लावून प्रकाश घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या बातम्यांच्या तासभर आधी, कचेरीत धावपळ उडाली. शहराच्या वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं रसायन पाण्याच्या मुख्य वाहिनीत उतरलं होतं. नळाचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, आणि उकळूनही वापरू नका, कारण उकळल्याने ते विष जात नाही, असा आदेश निघाला. गल्लोगल्ली भोंगे लावलेल्या गाड्या फिरायला लागल्या. आता भोंग्याचा दादासारख्यांना काय उपयोग? बदलीची दुभाषी मुलगी परगावी गेलेली. मजकुराच्या पट्ट्या पडद्यावर होत्या, पण तिच्या लोकांपैकी पुष्कळांना, विशेषतः म्हाताऱ्यांना, वाचण्याचा सराव नव्हता. त्यांची भाषा हातांची.

साहेबांनी स्वतः फोन लावला. मी शेजारीच होतो. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग चाचरत विचारलं की चेहरा कसा आहे आता.

"भाजलेल्या वांग्यासारखा," ती म्हणाली. "चालेल?"

साहेब म्हणाले, चालेल.

तेवढ्यावर ती हलली नाही. तिने आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या नकोच म्हणाल्या, आणि मग कारण ऐकून म्हणाल्या की जायचंच असेल तर चेहरा पूर्ण झाकून जा, मोठे दिवे अजिबात नकोत आणि काम संपलं की लगेच घरी. मग तिने साहेबांना आपल्या अटी कळवल्या. एक मंद दिवा, तोही लांब. चित्र आहे तसं. आणि चौकट नाही, अर्धा पडदा. साहेबांनी वाद घातला नाही.

ती आली तेव्हा टोपी, ओढणी, हातमोजे आणि वर छत्री. पहारेकऱ्याने ओळखलंच नाही, अडवली. सरावाच्या खोलीत आम्ही खिडक्यांना काळं कापड लावून कोपऱ्यात एक साधा दिवा ठेवला होता. तिने ओढणी काढली. चेहरा सुजलेला, तांबडा, डावा गाल तर चकाकत होता. चित्र दाणेदार येत होतं, अंधुक होतं, पण अर्धा पडदा भरून तिचे हात होते आणि तो चेहरा होता.

पाणी. पिणं. नाही. नाक आक्रसून, मान हलवून, सगळा चेहरा पिळून नाही. पाणी उकळून पिणं, नाही. गाल फुगवून, मोठा धोका. प्रत्येक खुणेला ती ताणलेली कातडी ओढली जात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा एकदा. मी मॉनिटरकडे बघत होतो. मला ती भाषा येत नाही, पण त्या दिवशी मला सगळं कळलं.

दादाने बाहेर लोकांची धावपळ पाहिली होती, पाण्याचं काहीतरी झालंय एवढं त्याच्या लक्षात आलं होतं, आणि शहाणपणाने त्याने पातेलंभर पाणी उकळत ठेवलं होतं. लेक तहानलेली होती. पेला भरलेला असताना पडद्यावर बहीण आली. त्याने पेला मोरीत ओतला, पातेलं ओतलं, आणि ओळखीच्या चारपाच जणांना घेऊन तो बाहेर पडला. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता अशा म्हाताऱ्यांची दारं त्यांनी एकेक करून गाठली. त्या दिवसांत शहरात बरेच लोक आजारी पडले. दादाच्या माहितीतला एकही नाही.

डॉक्टरीणबाईंनी नंतर गाल पाहून तिला खरपूस बोलून घेतलं. साल निघाली, गाठी बसल्या, पण डाव्या गालावर एक तपकिरी डाग राहिला. घरी बसली असती तर कदाचित राहिला नसता, असं त्यांचं मत. भुवई म्हणाली, असेल.

पाणी स्वच्छ झालं आणि साहेबांनी चौकट पुन्हा पहिल्यासारखी तळहाताएवढी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या स्वागतकक्षात माणसं येऊन उभी राहायला लागली. दादा सगळ्यात पुढे. ना घोषणा ना आरडाओरडा, त्यामुळे हा मोर्चा आहे हे पहारेकऱ्याला बराच वेळ कळलंच नाही. तो प्रत्येकाला कुणाला भेटायचंय ते विचारत राहिला आणि प्रत्येक जण वरच्या मजल्याकडे बोट दाखवत राहिला. साहेब खाली आले, मागोमाग मीही. दुभाषी म्हणून अर्थातच भुवईलाच बोलवावं लागलं. ती म्हणाली, मी शब्द न बदलता सांगते, नंतर माझ्यावर चिडू नका. मग दादाचं बोलणं तिने साहेबांना मोठ्याने सांगितलं. "तुम्ही आमच्या भाषेचं अर्धं तोंड कापता. तुमच्या निवेदकाचा आवाज रोज अर्धा करून बघा, किती दिवस चालवून घ्याल."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आवाज अर्धा करणं सोपं आहे, साहेब. एकच कळ आहे.

चौकट पडद्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली, ती अजून तशीच आहे.

वर्षभराने वाहिनीने आपल्या माणसांचे मोठे फलक लावायचे ठरवले. साहेबांनी आपण होऊन भुवईचं नाव घातलं. फोटो काढला गेला, आणि छापायच्या आधी दाखवायला आणला तेव्हा फोटोतल्या बाईच्या गालावर काही नव्हतं. डाग नाही, खड्डे नाहीत, कपाळावरची आठीसुद्धा नाही. तिने तो नीट पाहिला आणि फोटोवाल्याला म्हणाली, बाई छान आहे, पण ही जी कोण आहे, तिला विचारून लावा. तो बिचारा म्हणाला की सगळ्यांचेच फोटो असे साफ करतात. ती म्हणाली, मग माझा लावू नका. शेवटी डागासकट लागला. फलकाखालून जाताना तिच्या मावशीने म्हटलं, थोडं झाकलं असतं तर काय बिघडलं असतं. मावशी अजूनही पोट साफ ठेवायला सांगते.

गेल्या थंडीत पुरळ पुन्हा उठलं, जबड्याच्या कडेने, पूर्वीइतकं नाही. डॉक्टरीणबाईंनी खात्री दिली नव्हतीच. भुवई पुन्हा त्या मागच्या खोलीत जायला लागली, ड्युटीच्या आधी, निळ्या उजेडात पडून राहायची आणि तिथून थेट कामावर यायची. गालांवर लाली, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ. नवीन आलेल्या निवेदिकेने तिला काळजीने विचारलं की असं कॅमेऱ्यापुढे जायला तुम्हाला काही वाटत नाही का.

"वाटतं ना," ती म्हणाली. "गाल दुखतो." आणि जाऊन उभी राहिली.